आधी पोच

मेल सकाळी आली. उज्वलानं चहा गाळून कप ओट्यावरच ठेवला होता आणि ती उभ्या उभ्याच लॅपटॉपवरून नजर फिरवत होती. परदेशातल्या लोकांनी काय काय पाठवलंय ते बघायचं, नको ते काढून टाकायचं, मग चहा, असा तिचा रोजचा क्रम. त्यात ही एक होती. 'ही चिप असलेला बोर्ड आता जगात कुणी वापरत असेल असं वाटत नाही. पुढच्या आवृत्तीतून तिच्यासाठीचा कोड काढून टाकावा म्हणतो. कुणी वापरत असेल तर कळवावं.' खाली तो सगळा कोड होता, प्रत्येक ओळीआधी वजाबाकीची खूण, अक्षरं तांबडी. लिहिणारा माणूस सज्जन होता, तिचा जुना परिचयाचा. त्यानं वावगं काहीच केलं नव्हतं. कर्नल म्हणजे संगणकाच्या अगदी तळाशी बसून सगळं सांभाळणारा प्रोग्रॅम. त्यात वर्षानुवर्षं साचत गेलेलं कुणीतरी उपसावंच लागतं. तिनं स्वतः कितीतरी वेळा उपसलं होतं. पण या पहिल्या तांबड्या ओळीवर दोन नावं होती, एक तिचं आणि एक दीपमालाचं. सगळ्यात शेवटी त्या माणसानं लिहिलं होतं, 'दुसऱ्या लेखिकेच्या पत्त्यावर पाठवलेली मेल परत आली. तुमचा त्यांच्याशी संपर्क आहे का?' पायरी आहे असं समजून पाऊल टाकावं आणि तिथं सपाट जमीन लागावी, तसं उज्वलाला झालं. चहावर साय धरली. खाली इंदिरानगरच्या रस्त्यावर भाजीची गाडी ओरडत गेली, शेजारच्यांचा कुकर वाजला, आणि ती त्या एका प्रश्नचिन्हाकडे बघत राहिली.

नाही, असं उत्तर होतं. संपर्क नाही. इतकं सोपं. पण ते टाइप करायला बोटं उठेनात. तिला सातपूरची ती माडी आठवली. यादव सरांची कंपनी म्हणजे एमआयडीसीतल्या गिअर घासणाऱ्या एका कारखान्याच्या वरच्या तीन खोल्या. खालचं मशीन सुरू झालं की टेबलावरचे स्क्रू आपोआप सरकायचे. हवेत कटिंग ऑइलचा वास, त्यात सोल्डरिंगचा धूर. आतल्या खोलीच्या कोपऱ्यातल्या एकाच बाकावर दोघी बसायच्या, मध्ये तो हिरवा बोर्ड. यादव सरांनी कुठूनशी ती चिप स्वस्तात आणली होती आणि तिच्यावर कर्नल चालवायचं काम या दोन नवख्या पोरींच्या गळ्यात टाकलं होतं. "तुम्ही वाचा, करा, मला काही विचारू नका," एवढंच ते म्हणाले होते, आणि खरंच त्यांना काही येत नव्हतं. मग दोघींनी वाचलं. प्रोसेसर आपलं काम करत असतो. एखादं उपकरण तार ओढून म्हणतं, इकडे बघ. प्रोसेसरनं हातातलं काम जिथल्या तिथं खूण करून ठेवायचं, त्या उपकरणाचं ऐकायचं, आणि काहीच झालं नाही अशा थाटात परत त्याच ओळीवर यायचं. त्या तार ओढण्याला इंटरप्ट म्हणतात. ऐकायला सोपं. पण ती तार कुणी ओढली याची नोंद चिपमधला कंट्रोलर ठेवतो, आणि ऐकून झाल्यावर त्याला पोच देऊन ती सोडवायची कशी, हे प्रत्येक चिपचं वेगळं असतं, आणि या चिपचं माहितीपत्रक अर्धवट होतं. कितीतरी आठवडे बोर्ड नुसता थिजून बसायचा. तार सुटायचीच नाही. प्रोसेसर बिचारा त्या एकाच हाकेला ओ देत राहायचा, दुसरं काही करूच शकायचा नाही. मग एका दुपारी पडद्यावर घड्याळाचा पहिला ठोका आला, दुसरा आला, आणि येतच राहिले. दीपमालानं बाकावर मूठ आपटली होती. खालचं मशीन त्या वेळी बंद होतं, त्यामुळे तो आवाज सगळ्या माडीभर घुमला. उज्वलाला आत्ताही, स्वयंपाकघरात उभं असताना, तळहाताखाली त्या बाकाची चिकट कड जाणवली.

काय दिवस होते, असं म्हणायला ती घाबरायची, कारण असं म्हणणारी माणसं तिला म्हातारी वाटत. पण होतेच. ती एकलहऱ्याच्या वीज केंद्राच्या वसाहतीतून दोन बस बदलून यायची. दीपमाला नांदगावची, कॉलेज रोडच्या मागे एका खोलीत राहायची, तिच्या डब्यातली बाजरीची भाकरी दुपारपर्यंत कडक व्हायची आणि ती तिचा पापडासारखा तुकडा मोडून उज्वलाला द्यायची. एकदा भीमजयंतीला उज्वला तिला घरी घेऊन गेली. वसाहतीत निळे झेंडे, विहारासमोर खिरीची पातेली, लाऊडस्पीकरच्या दोन भिंती आणि त्यामागे गप्प उभी असलेली वीज केंद्राची धुराडी. दीपमाला पोटभर जेवली, आईला, लताबाईंना, भांडी घासू लागली, आणि मग गच्चीवर वडिलांपाशी जाऊन बसली. वडील, सहादू, वीज केंद्राच्या कंट्रोल रूममध्ये ऑपरेटर होते. "काका, तुमचं काम नेमकं काय असतं?" तिनं विचारलं. वडील म्हणाले, "घंटा वाजली की बघायचं. लय वेळ नाही वाजली तर जास्त बघायचं." दीपमाला इतकी हसली की वडीलच ओशाळले. परतताना बसमध्ये मात्र ती म्हणाली, "उज्जू, हे आपण कोडमध्ये घातलंच नाही गं. खूप वेळ काहीच आलं नाही तर बघायचं." घालायचं ठरलं. पण मग तिचं लग्न ठरलं आणि ते राहून गेलं.

लग्न पिंपळगाव बसवंतला झालं. द्राक्षांचे मोठे व्यापारी, पॅकहाउस, कोल्ड स्टोरेज, दारात टेम्पोंची रांग. दीपमालानं हट्टानं आपले दोन बोर्ड सासरच्या कोल्ड रूमवर लावायला नेले होते, तापमान बघायला. पंगतीत उज्वलाच्या शेजारी बसलेल्या बाईनं गोड आवाजात विचारलं, "आडनाव काय म्हणालात?" उज्वलानं सांगितलं. बाई "अस्सं" म्हणाली आणि जिलेबीकडे वळली. एवढंच. कुणी काही बोललं नाही, कुणी उठलं नाही. पण पुढे दीपमालाचे फोन आधी आठवड्याचे, मग महिन्याचे झाले, मग उज्वलानं केलेले फोन नुसतेच वाजायला लागले, तेव्हा तो "अस्सं" तिच्या कानात परत परत उमटला. त्या घराला आपण नको असणार. तिनं ते मनात पक्कं केलं, कारण काहीतरी पक्कं केल्याशिवाय वाट बघणं थांबत नव्हतं. नंतर तिचंही लग्न झालं, नोकऱ्या बदलल्या, आता घरबसल्या परदेशी कंपनीचं काम होतं, मुलगी निकिता पुण्याला शिकत होती. वडील गेले तेव्हा तिला वाटलं होतं, दीपमालाला कळलं असेल का.

मेल आली त्याच दिवशी तिनं रजा टाकली. दीपमालाचा नंबर फोनमध्ये होता, पण तो परत नुसताच वाजेल या भीतीनं तिनं लावला नाही. द्वारका चौक ओलांडून गाडी आग्रा रोडला लागली तेव्हा ती स्वतःला बजावत होती की हे कामच आहे. बोर्ड चालू आहे का एवढं बघायचं. चालू असेल तर हरकत घ्यायची, नसेल तर सोडायचं. ओझरच्या पुढे दोन्ही बाजूंनी बागा सुरू झाल्या. काढणी चालू होती, कडेला क्रेट रचलेले, टेम्पोच्या मागे लटकलेली माणसं, हवेत थंडीचा शेवटचा कोरडा चावा. पॅकहाउसचं नाव तेच होतं, फाटक नवीन होतं. आत बायकांच्या रांगा टेबलांपाशी उभ्या राहून घडांतले खराब मणी कात्रीनं काढत होत्या. आणि त्या रांगांच्या टोकाला, डोक्याला जाळीची टोपी, कानाला फोन, हातानं एका टेम्पोवाल्याला मागे घ्यायला सांगत असलेली ती उभी होती. जाड झाली होती. उज्वलाला बघून तिनं फोनवर "एक मिनिट" म्हटलं, मग "नंतर करते" म्हटलं, आणि फोन खाली घेतला.

"उज्जू?" ती म्हणाली. "कुणी गेलं का?"

"नाही गं. बोर्ड बघायला आले."

"कुठला बोर्ड?"

उज्वलानं सांगितलं. दीपमाला हसेल असं तिला वाटलं होतं, पण दीपमालाचा चेहरा नुसता थकला. तिनं हाक मारली, "मोतीराम! लहान खोलीतलं ते खोकं चालू आहे ना?" मोतीराम तिथला जुना सुपरवायझर. तो म्हणाला, "चालू हाय ना वहिनी. अधनंमधनं आडकतं. मंग बंद-चालू करतो मी."

लहान कोल्ड रूमच्या बाहेर, गॅल्व्हनाइज पत्र्याच्या पेटीत, धुळीनं करडा झालेला तो बोर्ड होता. छोट्या पडद्यावर तापमान. एक हिरवा दिवा, सातपूरच्या माडीवरच्या अगदी त्याच घाईत लुकलुकणारा. उज्वलानं पेटीच्या पत्र्यावर हात ठेवला. "चालू आहे," ती म्हणाली. "मी लिहून कळवते त्यांना. काढू नका म्हणते."

"कशाला?" दीपमालानं विचारलं. "याच्यात आपलं जुनंच कर्नल आहे. ते लोक नव्यातून काढतायत. इथं काय फरक पडणार?"

पडणार नव्हता. सकाळपासून उज्वलाला हे माहीत होतं, गाडी चालवताना माहीत होतं, आणि तिनं त्याच्याकडे बघितलं नव्हतं.

"मग तू आलीस कशाला?" दीपमाला म्हणाली. आवाजात राग नव्हता, खरंच विचारलं होतं.

ऑफिसात जाऊन बसल्यावर सासूबाईंनी, अंबूबाईंनी, स्वतः चहा आणला. "कुठली हाय गं तू?" त्यांनी विचारलं. "एकलहऱ्याची, मावशी." "मंग लांबनं आलीस," म्हणून त्या बसल्या, थोडा वेळ बघत राहिल्या, उठून गेल्या. त्यांची पाठ वळल्यावर उज्वलाच्या तोंडून निघूनच गेलं, "मला वाटायचं यांना मी नको होते. म्हणून तू फोन उचलत नाहीस."

दीपमालानं कप खाली ठेवला. "तेही होतं," ती म्हणाली. "नव्हतं म्हणाले तर खोटं होईल. लग्नानंतर एक-दोघी बोलल्या होत्या. पण तेवढ्यावरून मी तुझा फोन टाळेन असं वाटलं तुला?" ती खिडकीबाहेर बघायला लागली. क्रेट एकावर एक चढत होते. "तू फोन केलास की काय सांगायचीस, आठवतं? आज हे चाललं, आज ते बूट झालं, मला अमुक ठिकाणी बोलावलंय. चांगल्या मनानं सांगायचीस. आणि मी फोन ठेवून कामगार बायकांची हजेरी घ्यायला जायचे. मला ऐकवायचं नाही. मग एकदा उचलला नाही, तेव्हा बरं वाटलं. मग उचललाच नाही."

इतकी वर्षं उज्वला एका पंगतीतल्या बाईशी मनात भांडत होती आणि इथं दुखणं दुसरंच होतं. तिला स्वतःचाच तो उत्साही आवाज आठवला, फोनच्या या टोकाला, चपला न काढता दारातच उभं राहून बोलणारी ती. समोरची गप्प झाली की अजून जोरात सांगायची, तिला कळलं नसेल म्हणून.

"आणि हे खोकं," दीपमाला म्हणाली. "मोठ्या खोलीतलं पहिल्या वर्षीच अडकलं. कंप्रेसर बंद पडलेला, आणि पडद्यावर आकडा छान गार. सगळा माल मऊ झाला. सासरे एक शब्द बोलले नाहीत. बोर्ड काढून ठेवला आणि बाहेरून दुसरं मशीन आणलं. हा एक इथं राहिला, आईंच्या भाषेत 'दीपाचं खोकं'. मी वायर बदलल्या, पेटी बदलली, धूळ म्हटलं, ओल म्हटलं. का अडकतं ते आजपर्यंत कळलं नाही मला."

"मला विचारायचं ना. शोधलं असतं."

"तू दोन दिवसांत शोधलं असतंस. म्हणून तर नाही विचारलं."

बाहेरून कुणीतरी तिला हाक मारली, ती "आले" म्हणाली आणि गेली नाही. मग म्हणाली, "दाखव ती मेल." उज्वलानं पिशवीतून लॅपटॉप काढून तिच्याकडे सरकवला. दीपमालानं टोपी काढली, चष्मा लावला आणि तांबड्या ओळी वाचायला लागली. आधी वरवर, एखाद्याच्या लग्नाचा अल्बम चाळावा तशी. "हे तुझं. ही नावं तूच देतेस असली लांबलचक. हे माझं." मग तिचं बोलणं थांबलं. बोट पडद्यावर एका जागी टेकलं, वर गेलं, परत खाली आलं. फोन वाजला, तिनं तो उलटा करून ठेवला. उज्वलानं त्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तिला खाली मशीन सुरू झाल्यासारखं जमिनीतून काहीतरी जाणवलं, कारण खालचा ओठ दातांत धरलेला हा चेहरा तिनं त्या बाकावर रोज पाहिला होता.

"अगं," दीपमाला म्हणाली. "आपण पोच नंतर देतोय."

"काय?"

"बघ. सेन्सर तार ओढतो, आकडा तयार आहे म्हणून. कंट्रोलर ते लक्षात ठेवतो. आपण काय करतो, आधी जाऊन आकडा वाचतो, आणि मग कंट्रोलरला सांगतो, पोचलं, पूस आता. पण आपण वाचल्या वाचल्या सेन्सरनं दुसरा आकडा तयार करून परत तार ओढली तर? आपण एकाची पोच देतोय आणि त्यात दोन्ही पुसले जातायत. तो बसला मी वाचायची वाट बघत, मी बसले तो हाक मारायची वाट बघत. पडद्यावर जुनाच आकडा."

उज्वलानं वाचलं. परत वाचलं. आधी पोच द्यायची, मग वाचायचं. दोन ओळींची अदलाबदल. इतक्या वर्षांत तिनं शेकडो लोकांचा कोड तपासला होता, त्यांना हीच चूक दाखवली होती, आणि स्वतःच्या फाइलवर परत कधी नजर टाकली नव्हती, कारण तिच्या मनात ती फाइल म्हणजे एक दुपार होती, बाकावर आपटलेली मूठ होती. तिथं चूक असू शकते हे सुचलंच नव्हतं.

"ओळ कुणाची आहे?" तिनं विचारलं.

"माझी!" दीपमाला जवळजवळ ओरडली. "माझीच आहे! अगं, माझीच!" आणि ती हसायला लागली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. कात्र्या चालवणाऱ्या बायकांनी काचेतून आत बघितलं.

पुढचा वेळ कसा गेला ते उज्वलाला नंतर नीट सांगता आलं नसतं. जुन्या आवृत्तीचा कोड उतरवून घेतला. त्या आवृत्तीला चालेल असा, कोड यंत्राच्या भाषेत उतरवणारा जुना कंपायलर सापडेना, सापडला तर चालेना. बोर्डाला जोडायची केबल दीपमालानं कपाटाच्या तळातून, लग्नातल्या साड्यांच्या रिकाम्या खोक्यातून काढली. इतकी वर्षं ती का ठेवली होती ते दोघींपैकी कुणी बोललं नाही. लहान खोलीच्या दारात दोन क्रेट उलटे टाकून बसल्या. आतून गार हवा पायांवर येत होती, द्राक्षांचा आंबूस गोड वास होता. आधी त्यांनी सेन्सरला मुद्दाम भराभर आकडे द्यायला लावलं, आणि थोड्याच वेळात पडदा अडकला. दीपमालानं टाळी वाजवली. तिचं यंत्र बंद पडत होतं आणि ती टाळ्या वाजवत होती. मग ओळींची अदलाबदल केलेलं कर्नल चढवलं. आकडे पळायला लागले. दोघी बघत राहिल्या. मोतीराम येऊन उभा राहिला, म्हणाला, "वहिनी, टेम्पो खोळंबलाय," आणि दीपमाला पडद्यावरची नजर न काढता म्हणाली, "मोतीराम, आज तुम्ही बघा." तो गेला. आकडे पळतच होते. दाराच्या फटीतलं ऊन सरकत क्रेटच्या पायाशी आलं तरी पळत होते.

अंबूबाई काठी टेकत आल्या. "झालं का खोकं नीट?"

"आई, ते अडकायचं ना, ती माझी चूक होती," दीपमालानं सांगितलं. "त्या वर्षीचा मालही माझ्याच चुकीनं गेला. आज सापडली."

"मंग तवाच कबूल करायचं की."

"तेव्हा माहीतच नव्हतं ना!"

सासूबाईंनी सुनेच्या चेहऱ्याकडे पाहिलं. चूक कबूल करताना एवढी खुललेली बाई त्यांनी पाहिली नसावी. त्या उज्वलाकडे वळल्या. "जेवून जा," म्हणाल्या. "उशीर केलाच हाय तर आता भाकरी खाऊनच जा." आणि मागे न बघता घराकडे चालायला लागल्या. तो जुना "अस्सं" उज्वलाच्या कानातून गेला नाही. तो कदाचित जाणारही नव्हता. पण तिनं "हो मावशी" म्हटलं, आणि ते मनापासून म्हटलं.

मेलचं उत्तर राहिलं होतं. उज्वला लिहायला बसली तर दीपमाला म्हणाली, "मी लिहू?" तिचं इंग्रजी गंजलं होतं, ती दोनदा खोडून परत लिहीत गेली. काढून टाकायला हरकत नाही. या कोडमध्ये एक चूक होती, ती आज सापडली, म्हणून तसाही तो ठेवण्याजोगा नव्हता. एक बोर्ड अजून चालू आहे. त्याचं आम्ही बघून घेऊ. खाली तिनं स्वतःचं नाव घातलं, मग उज्वलाचं, आणि पाठवून दिलं. पाठवल्यावर लॅपटॉप लगेच परत केला नाही. मांडीवर तसाच धरून बसली, तळहात शेकत असल्यासारखे त्याच्यावर पसरून.

"आता कशावर काम करतेस तू?" तिनं विचारलं.

उज्वला बिचकली. "असंच. नवीन चिपवर. कंटाळवाणं आहे."

"खोटं नको बोलूस. सांग."

उज्वलानं सुरुवात केली, सावकाश, शब्द मोजून, समोरच्या चेहऱ्यावर लक्ष ठेवून. आता एका चिपवर खूप प्रोसेसर असतात. हाक आली की ती कुणी घ्यायची हेच आधी ठरवावं लागतं. कधी कधी ती एका झोपलेल्या प्रोसेसरकडे जाते. तिथं एक भानगड झालीय, तीन आठवडे झाले सुटत नाही, माझ्या हाताखालची पोरंही टेकीला आलीत... दीपमालाचा खालचा ओठ दातांत गेला होता. पॅकहाउसमधले दिवे लागत होते.

"थांब, थांब," ती म्हणाली आणि क्रेट तिच्याजवळ ओढून घेतला. "झोपलेल्याकडे जाते म्हणजे? हे परत सांग."